गावाची एकी न लागणारं औषध

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, "शास्त्रज्ञांनी बनवला डासांचा वंश संपवणारा डास", आणि त्याखाली नेहमीसारखे दोन तट पडलेत. निम्मे म्हणाय लागले उद्याच मागवा, त्या धुराच्या गाडीनं डास खोकतोय फक्त, मरत काय न्हाई, आणि निम्मे म्हणाय लागले हे परदेशी कारस्थान हाय, पोरं व्हायची बंद होतील. मी दोन्हीकडं नाही. ग्रुपवर एवढं लिहिलं तर ॲडमिन काढून टाकंल म्हणून इथं लिहितोय, लांबणार आहे, आधीच सांगतो.

आणखी एक आधीच सांगतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. किडी मारायची औषधं विकून माझं घर चालतं, म्हणजे असलं काही खरंच बाजारात आलं तर गल्ला माझाच हलका होणार, तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबानं तोलून घ्या.

तर त्या व्हिडिओतल्या डासात जे घातलंय त्याला जीन ड्राइव्ह म्हणतात, आणि ते विष नाही की फवारा नाही. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईकडची एक बापाकडची, आणि आपल्या पोराला त्यातली कुठली जाणार हे निम्मं-निम्मं असतं. डासाचंपण तसंच. त्यामुळं डासाला अपाय करणारं जनुक कुणी प्रयोगशाळेत घालून सोडलं तरी दर पिढीला निम्म्याच पोरांत जातंय आणि जी पोरं त्यानं अधू होतात ती मरतात, थोड्या पिढ्यांत विषय संपला. जीन ड्राइव्ह ही वाटणीच मोडतो. आपल्याकडं साखर कारखान्याच्या निवडणुकीत समोरच्या पॅनेलचा माणूस आदल्या रात्री फोडून आपल्या गाडीत बसवतात का नाही, तसं हे जनुक समोरच्या गुणसूत्रावर बरोबर स्वतःच्या जागी जाऊन कापतं, पेशी घाबरून ती तूट सांधायला शेजारची प्रत बघून उतरवून काढते, आणि उतरवताना ती कापायची कात्रीसुद्धा उतरवून घेते. आता दोन्ही प्रती एकाच पार्टीच्या. म्हणजे पन्नास टक्क्यांच्या जागी जवळजवळ सगळ्या पोरांत तेच जनुक, आणि त्यांच्या पोरांतपण.

ही लबाडी माणसाच्या डोक्यातनं आली असं समजू नका, निसर्गात ती आधीपासून आहे. आपल्या घरात पिठात होणारा तो बारका तांबडा किडा, ट्रायबोलियम, त्यात 1992 साली अमेरिकेतल्या संशोधकांना मेडिया नावाचं जनुक सापडलं. ते आईच्या अंगात असलं तर ती प्रत्येक अंड्यात विष घालते आणि उतारा फक्त त्या अंड्याला मिळतो ज्यात ते जनुक स्वतः आहे. बाकीची पिल्लं मरतात. किड्याचा काही फायदा नाही, फायदा फक्त त्या जनुकाचा. उंदरात टी नावाचा असाच एक गठ्ठा आहे, नर उंदराच्या नव्वद टक्क्यांवर पिल्लांत तोच घुसतो. अशांना स्वार्थी जनुकं म्हणतात, आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजचे ऑस्टिन बर्ट यांनी 2003 साली मांडलं की हा स्वार्थ आपण कामाला लावू शकतो, डासाच्या एखाद्या महत्त्वाच्या जनुकाच्या मधोमध असलं स्वार्थी जनुक बसवायचं आणि सोडून द्यायचं. तेव्हा ते कागदावर होतं कारण पाहिजे तिथं कापणारी कात्री नव्हती. क्रिस्पर नावाचं, पाहिजे तिथं जनुक कापायचं तंत्र आलं आणि कात्री मिळाली. 2018 मध्ये त्याच कॉलेजच्या आंद्रेया क्रिसान्तींच्या टीमनं आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासात, ॲनोफिलिस गॅम्बियीत, डबलसेक्स नावाच्या जनुकावर हे करून दाखवलं. ज्या मादीत दोन्ही प्रती तसल्या आल्या ती ना धड मादी ना नर, तिला चावता येत नाही की अंडी घालता येत नाहीत. नराला काहीच होत नाही, तो खुशाल फिरतो आणि जनुक वाटत सुटतो. दोन पिंजरे होते, एकात सात पिढ्यांत आणि दुसऱ्यात अकरा पिढ्यांत ते जनुक सगळ्या डासांत पोचलं, आणि मग दोन्हीकडचे डास संपले.

डबलसेक्सच का, तर कापलेली जागा दर वेळी नीट उतरवली जात नाही, कधी पेशी नुसतीच वेडीवाकडी शिवून टाकते, मग ती जागा बदलते आणि कात्रीला ओळखू येत नाही, म्हणजे आपल्या भाषेत किडीनं औषध पचवलं. डबलसेक्समधली ती जागा इतकी नाजूक आहे की तिथं बदल झाला तर मादीच वाया जाते. हुशारी आहे यात शंकाच नाही, मी हात जोडतो.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो, कारण माझं मत तिथनंच तयार झालंय.

आमच्याकडं उसाला हुमणी लागते. नदीकाठची वेगळी, माळावरची वेगळी, पण दोन्हींचं वर्षाला एकच पिढी असं गणित. अळी जमिनीत मुळं खाते, ऊस वाळून उपटला की हातात येतो, तोपर्यंत उशीर झालेला असतो आणि मग शेतकरी दुकानात येऊन "काहीतरी जहाल द्या" म्हणतो. माळावरच्या हुमणीचा खरा उपाय मात्र वळवाच्या पावसानंतर असतो. अंधार पडला की भुंगेरे जमिनीतनं निघून कडुनिंबावर बाभळीवर येतात, फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, नाहीतर प्रकाश सापळे लावायचे. स्वस्त आणि बिनविषारी उपाय. पण तो सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात केला तरच. तुम्ही केलं आणि शेजारच्या पाटलानं नाही केलं तर त्याचे भुंगेरे तुमच्या रानात अंडी घालणार. कृषी खातं सांगतं, कारखाने सांगतात, मी गिऱ्हाईक तोडून सांगतो, आणि दरवर्षी कुठल्यातरी दोन भावांची बांधावरनं बोलाचाली बंद असते म्हणून अख्ख्या गटाचं काम अडतं.

किडीच्या बाबतीत आपली सगळी अडचण हीच आहे, माणसांची एकी. डेंगीचं काय वेगळं आहे? आठवड्यातनं एकदा साठवलेलं पाणी ओता, कोरडा दिवस पाळा म्हणून आशाताई दारोदार सांगत फिरतात, एका घरानं गच्चीवरचं बॅरल घासलं नाही की सगळ्या बोळाला एडिसचा, म्हणजे डेंगीच्या डासाचा, प्रसाद. आणि जीन ड्राइव्ह हे माझ्या माहितीतलं पहिलं औषध आहे ज्याला ही एकी लागतच नाही. एका माणसानं एका ठिकाणी थोडे डास सोडले तरी ते पुढं जाणार, पाटील हो म्हणो नाहीतर नाही म्हणो. लोकांना यातच त्याची कमाल दिसते, मला पण दिसते, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकते. एकी लागत नाही म्हणजे परवानगीपण लागत नाही. माझ्या दुकानातलं सगळ्यात जहाल औषधसुद्धा गिऱ्हाईक उद्यापासून मारायचं थांबवू शकतो. हे सुटलं की थांबवायचं म्हणजे त्याच्या मागं दुसरा ड्राइव्ह सोडायचा, असलं काहीतरी.

यावर लोक म्हणतात, अरे ते आफ्रिकेत चाललंय, तुला कोल्हापुरात काय पडलंय. बघा काय पडलंय. ॲनोफिलिस स्टीफेन्सी नावाचा डास आहे, टाक्यांत विहिरीत वाढणारा, शहरातला मलेरिया पसरवणारा, मूळचा आपल्याच बाजूचा. तो 2012 साली आफ्रिकेतल्या जिबुतीच्या बंदरात सापडला, 2016 मध्ये इथिओपियात, आणि आता तिथल्या शहरांना त्याचा घोर लागलाय. तिथं तो उपरा आहे, त्याला मुळासकट संपवावं असं त्यांना वाटलं तर चूक काय. याच डासात कॅलिफोर्नियातल्या अँथनी जेम्स आणि इथन बिअर यांच्या टीमनं 2015 लाच ड्राइव्ह बसवून दाखवलाय, तो डासाला मारत नाही, मलेरियाचा जंतू अडवणारी जनुकं पसरवतो, आणि साडेनव्याण्णव टक्के पोरांत जातो. आता समजा असला काही ड्राइव्ह उद्या तिकडं सोडला. जो डास जहाजात बसून तिकडं गेला त्याला परत यायला पासपोर्ट लागणार आहे का? आणि आपल्याला कुणी विचारलेलं नसणार.

न विचारता केलं की काय होतं याचा नमुना आपल्याच देशात आहे. 1970 च्या दशकात दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांचं एक युनिट होतं, पैसा अमेरिकेचा, काम नर डास नपुंसक करून सोडायचं. सोनीपतला एडिस सोडायची तयारी झाली होती. पेपरात आलं की हे जैविक युद्धाचं संशोधन आहे, पिवळ्या तापाचा अभ्यास चाललाय, संसदेच्या समितीपर्यंत प्रकरण गेलं आणि 1975 ला युनिट बंद. विज्ञान फसलं म्हणून नाही बरं का, लोकांना आधी नीट सांगितलं नाही, आणि विश्वास एकदा गेला की गेला. पन्नास वर्षांनी आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत बघा, 2019 ला बाना गावात टार्गेट मलेरिया नावाच्या संशोधन प्रकल्पानं नुसते नपुंसक नर सोडले होते, ड्राइव्ह नव्हताच त्यात, गावाला विचारून सोडले होते, तरी ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या सरकारनं सगळं काम थांबवलं.

आपल्या महाराष्ट्रातपण जनुक बदललेले डास येऊन गेलेत हे किती जणांना माहीत आहे? जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत 2017 च्या जानेवारीत ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या एडिसच्या उघड्यावरच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. तोही ड्राइव्ह नाही. त्यात नराची पोरं मोठी व्हायच्या आत मरतात, म्हणजे सोडायचं बंद केलं की जनुकपण संपतं. हा फरक ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांनी समजून घ्यावा. एक मरून जाणारं, एक पसरत जाणारं, आणि दोघांना मिळून "जीएम डास" म्हणून शिव्या नाहीतर हार घालू नका.

आता माझ्याच विरोधातला मुद्दा मीच घालतो. परत न घेता येणारे किडे आपण याआधीपण सोडलेत. गाजर गवतावर काळे पट्टे असलेला भुंगा दिसतो ना, पावसाळ्यात पानांची चाळण करून टाकतो, तो मेक्सिकोचा आहे, 1980 च्या दशकात बेंगळुरूला आणून सोडला. कोल्हापूरच्या कुठल्या ग्रामसभेनं ठराव केला होता? कुठल्याच नाही, आणि आला की इकडं. मधे तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा बोंबाबोंब झाली, चौकशी समिती बसली. शेवटी काही मोठं नुकसान झालं नाही. मी हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचतो. असले निर्णय घेता येतात हे खरं. पण तो भुंगा सोडण्याआधी काय काय खातो ते तपासता आलं होतं, ड्राइव्ह मोकळ्यावर कसा वागतो हे मोकळं सोडल्याशिवाय कळत नाही, आणि सोडल्यावर कळून उपयोग नाही.

आणि माणसांची एकी कधी होतच नाही असंपण नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुलाबी बोंडअळी घ्या. अमेरिकेनं 2018 मध्ये जाहीर केलं की त्यांच्या कापसातनं ती संपली. बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेला, अधिक विमानातनं सोडलेले नपुंसक पतंग, आणि सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून पाळलेलं वेळापत्रक. तीच अळी, तसलंच बीटी, आणि आपल्याकडं 2017 ला विदर्भात तिनं बीटी पचवून बोंडं पोखरली. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशे वीस ग्रॅम साधं बी मिळायचं, ते कडेनं लावायचं म्हणजे अळीला बीटीची सवय होत नाही, ते किती जणांनी लावलं? वर फरदड ठेवायची, हंगाम संपला तरी कापूस उपटायचा नाही, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवण. शेतकऱ्याला शिव्या द्यायच्या नाहीत मला, त्याला ते पाकीट कशाला आहे हे समजावून सांगणाऱ्या साखळीत माझ्यासारखे दुकानदारच होते.

म्हणून सगळ्यांना एकच उत्तर मी देत नाही. गॅम्बियीचं विचाराल तर मलेरियानं वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांच्या आतली पोरं, तिथं ड्राइव्ह सोडायचा का हे त्या देशांनी एकत्र बसून ठरवावं, ओडोमॉस लावून झोपणाऱ्यानं कोल्हापुरातनं नाही म्हणू नये. स्टीफेन्सीचं मात्र आपल्याला विचारल्याशिवाय कुणी करू नये, आणि आपल्या सरकारनं हे आत्तापासून बोलायला पाहिजे. हुमणीचं स्वप्न बघूच नका, वर्षाला एक पिढी, ड्राइव्ह पसरायला तुमची नातवंडं म्हातारी होतील, बादली आणि रॉकेल काढा.

आणि डेंगीच्या एडिससाठी ड्राइव्ह मला नकोच आहे, कारण त्याच्या अलीकडं वोल्बाकिया आहे. हा एक जिवाणू, आपल्या गटारातल्या क्युलेक्समध्ये तो आधीपासनं असतो, आईकडनं पोरांत जातो, आणि एडिसमध्ये घातला की डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही. तोपण स्वार्थीच, जिवाणू असलेल्या नराचा नसलेल्या मादीशी संबंध आला तर अंडी फुटतच नाहीत, अशानं तो पसरतो. पण ठरावीक प्रमाणाच्या वर गेल्याशिवाय टिकत नाही, म्हणजे चार डास उडून शेजारच्या गावात गेले म्हणून ते गाव बदलत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात रीतसर चाचणी झाली, डेंगी 77 टक्के कमी. पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या संस्थेनं आपल्या इथल्या एडिसमध्ये तो घालून 2022 मध्ये जाहीरपण केलं. हे डास कोल्हापुरात आणायचे म्हटले तर घरोघरी विचारावं लागेल, डासांच्या अंड्यांच्या बादल्या ठेवायला परसात जागा मागावी लागेल, न्हाई म्हणणाऱ्याच्या दारात परत जावं लागेल. त्या कामाला मी दुकान बंद ठेवून येतो.