झिरो माइलच्या दगडावर नेमकं काय लिहिलंय?

जुन्या नागपूरच्या फोटोंसोबत एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात नागपुरातल्या झिरो माइल या दगडी खांबाचा कृष्णधवल फोटो असतो, एखाद्या जुन्या नकाशाचा तुकडा असतो आणि 'आम्हाला लहानपणी शाळेत हेच शिकवलं' अशी कोणाची तरी साक्ष असते. मजकूर थोडक्यात असा: झिरो माइल हा भारताचा अचूक मध्यबिंदू आहे, इंग्रजांनी देशाची मोजणी इथून सुरू केली, देशातल्या सगळ्या शहरांची अंतरं याच खांबापासून मोजतात, चार घोडे चार महानगरांकडे तोंड करून आहेत, आणि दगडावरचा १०२० हा आकडा या सगळ्याचा पुरावा आहे.

यातलं बहुतेक चूक आहे. चूक अशासाठी सांगायची की त्या गोंगाटात खांबावर कोरलेला खरा मजकूर कोणी वाचतच नाही, आणि तो या संदेशापेक्षा पुष्कळ मोलाचा आहे.

आधी आकडा घेऊ. पूर्ण आकडा १०२०.१७१ असा आहे आणि तो फुटांत आहे. खांबाच्या माथ्याची सरासरी समुद्रसपाटीपासूनची ती उंची, म्हणजे जवळपास ३१०.९५ मीटर. दशांशचिन्हापुढचे तीन आकडे बघा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. रस्त्याचं अंतर किंवा देशाचा मध्य इतक्या बारकाईनं कोणी लिहीत नाही. इतकी बारकाई उंचीच्या मोजणीत लागते. खांबाशेजारच्या लहान दगडाला तर नावच 'जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क' असं आहे, साल १९०७. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांनी त्रिकोणांचं जाळं टाकून केलेली देशाची मोजणी. बेंच मार्क म्हणजे ज्याची उंची पक्की ठरलेली आहे अशी खूण. पुढे धरण, कालवा, रेल्वे किंवा नळयोजना करणाऱ्यानं उंची तिथून उचलायची.

ही उंची नागपुरात मुळात आली कुठून? समुद्रावरून. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्रसपाटी ठरवली गेली. तिथून दुर्बिणीची लेव्हल आणि आकडे लिहिलेल्या दोन उभ्या पट्ट्या घेऊन टप्प्याटप्प्यानं देशाच्या आत यायचं. यंत्र मधे, एक पट्टी मागे, एक पुढे. मागचं वाचन वजा पुढचं वाचन म्हणजे त्या टप्प्यातला चढ किंवा उतार. मग मागची पट्टी पुढे न्यायची आणि तेच पुन्हा. यंत्रापासून दोन्ही पट्ट्या सारख्या अंतरावर ठेवाव्या लागतात. तसं केलं की दुर्बिणीची रेषा किंचित वाकडी असली तरी दोन्हीकडे सारखीच चूक होते आणि वजाबाकीत उडून जाते. पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा फरकही तसाच उडतो. एका बाजूचा पल्ला शंभर मीटर धरला तर किलोमीटरला पाच टप्पे. मुंबईहून नागपूर रेल्वेनं ८३७ किलोमीटर आहे, तेव्हा त्या हिशोबानं चार हजारांवर टप्पे, आणि तेही एकाच दिशेनं. काम उलट दिशेनंही करून ताळा घ्यावा लागतो.

विदर्भात या कामाला दोन शत्रू. एक काळी माती: पट्टी नुसती जमिनीवर टेकवली तर वाचन होईपर्यंत ती खाली दबते, म्हणून खाली लोखंडी बैठक किंवा ठोकलेली खुंटी लागते. दुसरं ऊन: दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते आणि पट्टीवरचे आकडे दुर्बिणीत नाचू लागतात, म्हणून बारीक काम सकाळी उरकायचं. कायमच्या खुणेचा पाया पक्का लागतो तोही याच मातीमुळे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरवर ठेवलेला दगड दर वर्षी थोडा वरखाली होईल, मग तीन दशांशांना अर्थच उरणार नाही.

म्हणजे उंचीच्या मोजणीत झिरो माइल हा शून्य नाहीच. शून्य समुद्रकाठी आहे.

'मोबाइलवर इथली उंची वेगळीच दिसते, म्हणजे इंग्रजांचं चुकलं किंवा दगड खचला' अशी एक पुरवणीही या संदेशाला अधूनमधून जोडलेली असते. काही ॲप उपग्रहाची कच्ची उंची दाखवतात. ती समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या एका गणिती गोलाकारापासूनची असते. मध्य भारतात ती पन्नास ते सत्तर मीटरनं कमी भरते. दगड जागेवरच आहे.

'मोजणीची सुरुवात इथून' हे विधान तर सालावरच पडतं. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची आधाररेषा, म्हणजे जिच्यावर पुढचे त्रिकोण बांधायचे ती रेषा, मोजून कामाला हात घातला. त्रिकोणांच्या जाळ्यासाठी जो मूळ बिंदू धरला गेला तो मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरच्या टेकडीवर. झिरो माइलवर साल आहे १९०७, म्हणजे सुरुवातीनंतर १०५ वर्षांनी. लॅम्ब्टननंतर या मोजणीचा प्रमुख झालेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं हा खांब उभारला असंही कुठे कुठे लिहिलेलं दिसतं. तो १८६६ सालीच वारला. नागपूरकरांना या मोजणीशी नातं सांगायचंच असेल तर खरं नातं पाऊणशे किलोमीटरवर आहे. लॅम्ब्टन दक्षिणेतून नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटात वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. त्या कबरीचा फोटो कोणी फिरवत नाही, याची खरोखर हळहळ वाटते.

आता अंतरं. खांबाचा पाया षट्कोनी आहे आणि त्यावर आठ नावं आहेत. मैलांत: कवठा ६२, हैदराबाद ३१८, चांदा १२५, रायपूर १७४, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. मुंबई नाही, कलकत्ता नाही, मद्रास नाही, दिल्ली नाही. सगळ्या देशाची अंतरं सांगणारा दगड ही चार नावं विसरेल का? नागपुरातून फुटणाऱ्या रस्त्यांवरची ही गावं आहेत आणि त्या रस्त्यांपुरता शून्य इथे आहे, म्हणून झिरो माइल हे नाव बरोबरच आहे. अंतरंही रस्त्याची आहेत, आणि ते घरी बसून तपासता येतं. नागपूर ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे २६० मैलांच्या आसपास. दगड म्हणतो ३१८. शिवनी सरळ रेषेत ७१ मैलांच्या जवळपास. दगड म्हणतो ७९. वळणावळणाचा रस्ता नेहमी जास्तच भरणार. जबलपूरच्या १७० मधून शिवनीचे ७९ वजा केले की ९१ मैल उरतात, आणि शिवनी ते जबलपूर रस्ता साधारण तेवढाच आहे. हे आकडे वाटचालीचे आहेत. रेल्वे तर नागपूरचे किलोमीटर मुंबईपासून मोजते.

मध्यबिंदूबद्दल बोलायचं तर आधी कोणता भारत ते ठरवावं लागेल. १९०७ च्या भारतात ब्रह्मदेश होता. तो १ एप्रिल १९३७ ला वेगळा झाला. त्या साम्राज्याचा पसारा ढोबळ मानानं ८ ते ३७ उत्तर अक्षांश आणि ६१ ते १०१ पूर्व रेखांश. टोकांचा मध्य काढला तर साडेबावीस अक्षांश, ८१ रेखांश. नागपूर आहे २१ अंश ९ मिनिटं आणि ७९ अंश ५ मिनिटांवर, म्हणजे त्या मध्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास नैर्ऋत्येला. आजच्या भारताची टोकं घेतली (८ अंश ४ मिनिटं ते ३७ अंश ६ मिनिटं, ६८ अंश ७ मिनिटं ते ९७ अंश २५ मिनिटं) तर मध्य छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या बाजूला जातो, इथून चारशे किलोमीटर. कटनी जिल्ह्यातलं करौंदीही देशाचा मध्य म्हणून ओळखलं जातं. टोकांचा मध्य, आकाराचा गुरुत्वमध्य, सीमेपासून सर्वांत लांबचा बिंदू अशा पद्धती वेगवेगळ्या आणि उत्तरंही वेगवेगळी. नागपूर देशाच्या मधोमध पडतं हे बोलण्यापुरतं ठीक आहे. 'अचूक' हा शब्द मात्र कोणत्याही पद्धतीनं टिकत नाही.

घोड्यांचं थोडक्यात. खांब वालुकाश्माचा, घोडे चुन्याच्या गिलाव्यातले आणि नंतर जोडलेले. मूळ मोजणीशी त्यांचा संबंध नाही. उपयोग एवढाच की घोडे नसलेला फोटो घोडे असलेल्या फोटोच्या आधीचा. संदेशातल्या फोटोवर काही जण '१८५०' असं साल टाकतात. खांब १९०७ चा आहे, तेव्हा त्यापुढे काही बोलायला नको.

नकाशाच्या तुकड्याशी मात्र सावकाश वागायला हवं, कारण इथे प्रामाणिक माणसंही फसतात. १९०५ च्या आधीच्या नकाशा-पत्रकांवरचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशाच्या जुन्या किमतीवर बेतलेले आहेत. ती किंमत २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त होती. नागपूरच्या अक्षांशावर हा फरक सव्वाचार किलोमीटरच्या जवळ जातो. जुन्या पत्रकाच्या चौकटीतले रेखांश जसेच्या तसे आजच्या नकाशावर बसवले की सगळं शहर पूर्वेला सरकतं आणि सीताबर्डी जवळजवळ इतवारीत जाऊन पडते. मग 'जुनी सीताबर्डी वेगळीकडे होती' असा शोध लागतो. उपाय सोपा आहे. चौकटीवर विसंबू नका, जमिनीवरच्या खुणांवर नकाशा बसवा. सीताबर्डीच्या दोन टेकड्या, जुम्मा तलावाचा बांध, तेलंगखेडीचा बांध, अंबाझरीचा बांध अशा न हललेल्या खुणा घ्या. नदीचं वळण घेऊ नका, ते बदलतं. तीन खुणांवर नकाशा बसल्यासारखा दिसतो, पण चूक लपते. सहा ते आठ घ्या आणि त्या पत्रकाच्या चारी कोपऱ्यांकडे पसरलेल्या असू द्या, कारण कागद एका दिशेनं जास्त आकसतो आणि घडीजवळ ताणला जातो. एक खूण मुद्दाम बाजूला ठेवा आणि शेवटी ती कुठे पडते ते बघा. एक इंचाला एक मैल या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. अशा नकाशावरून 'मध्यबिंदू नेमका या खांबाखाली' म्हणता येत नाही. शाईची रेघच जमिनीवर खांबापेक्षा कितीतरी रुंद भरते. एक इंची मालिकेतलं नागपूरचं पत्रक हवं असेल तर क्रमांक ५५ ओ/४.

राहिली शाळेतली आठवण. ती खोटी नाही. पण ती शाळेत काय शिकवत याचा पुरावा आहे, दगडाचा नाही. मोठ्यांना 'साल कोणतं' विचारलं की अंदाज मिळतो. त्याऐवजी विचारा: घोडे तेव्हा होते का, कोणत्या रंगाचे? आवाराला कठडा होता का, की दगडाला हात लावता येई? रस्त्याच्या पाट्यांवर मैल होते की किलोमीटर? दीक्षाभूमीच्या सोहळ्याआधीचं की नंतरचं? महाराष्ट्र झाल्यावर की आधी? ७१ च्या ब्लॅकआउटच्या वेळी? अशा खुंट्यांना बांधलेली आठवण १९५६, १९६० आणि १९७१ यांच्या मधे कुठेतरी नेमकी बसते आणि बिनसालाच्या फोटोला साल देऊ शकते. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि आधी फोटो दाखवू नका. दाखवला की आठवणीत फोटोच शिरतो.

कोरीव अक्षरांचा स्वतः फोटो काढायचा तर भर दुपारी जाऊ नका, समोरच्या उजेडात अक्षरं सपाट होतात. सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात जा. ज्या बाजूवर ऊन तिरपं पडत नाही तिथे टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, म्हणजे खोलगट अक्षरात सावली भरते. सहाही बाजूंचे वेगळे फोटो घ्या, प्रत्येकात एक पट्टी ठेवा आणि ती बाजू कोणत्या दिशेला आहे ते लिहा. अक्षरांत खडू, तेल किंवा रंग भरू नका. वालुकाश्म ते पिऊन घेतो, त्याचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर अक्षरही जातं.