खोल पाण्यातले प्रवाळ सुरक्षित? मुळीच नाही

"उथळ समुद्रातले प्रवाळ गेले तरी खोल, थंड पाण्यात ते भरपूर आहेत, तिथवर माणूस पोचत नाही, तुटले तरी पुन्हा वाढतील आणि पाणी तापलं तर खाली सरकतील," असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातलं एकच विधान अर्धंमुर्धं खरं आहे.

'भरपूर आहेत'. पसारा मोठा आहे, हे कबूल. नॉर्वेची 2002 मध्ये सापडलेली रोस्ट प्रवाळभित्ती सुमारे 35 किलोमीटर लांब आहे. पण हे प्रवाळ सगळीकडे उगवत नाहीत. उथळ पाण्यातल्या प्रवाळांसारखं अन्न पुरवणारं शैवाल त्यांच्या अंगात नसतं, प्रवाहातून येणारे प्लवक म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव पकडूनच पोट भरायचं. म्हणून कठीण तळ, जोरदार प्रवाह आणि साधारण 4 ते 12 अंशांचं पाणी जुळतं तिथेच लोफेलिया हा खोल पाण्यातला प्रवाळ भित्ती बांधतो: सागरी पर्वतांवर, खंडान्त उताराच्या (खंडाच्या काठाजवळ समुद्रतळ खोल उतरतो त्या भागाच्या) कडेला. बहुतेक 200 ते 1000 मीटरवर. ट्रॉनहाइमच्या फ्योर्डमध्ये तर 39 मीटरवरही.

'माणूस पोचत नाही'. मासे त्याच कडांवर जमतात, मग ट्रॉलरही, म्हणजे तळावरून जाळी ओढणाऱ्या बोटी. जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या जड लोखंडी पाट्या तळावरून फरफटत जातात. भित्तीचा चुरा होतो आणि उडालेला गाळ आजूबाजूच्या पॉलिपांवर, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या जिवंत प्राण्यांवर बसतो. नॉर्वेतल्या 30 ते 50 टक्के भित्तींना असं नुकसान झाल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी 2002 मध्येच दिला होता. मेक्सिकोच्या आखातातल्या 2010 च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीनंतर विहिरीपासून 11 किलोमीटरवर, जवळपास 1370 मीटर खोलीवरचे प्रवाळ तपकिरी थराखाली सापडले.

'पुन्हा वाढतील'. वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर! ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाजवळच्या सागरी पर्वतांवर ट्रॉलिंग थांबून पाच-दहा वर्षं झाली तरी सुधारणेची खूण दिसली नव्हती.

'खाली सरकतील'. इथे तर उलटंच आहे. सांगाडा अ‍ॅरॅगोनाइटचा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजाचा, एका खोलीनंतर पाणी तो विरघळवू लागतं. ही सीमा उत्तर अटलांटिकमध्ये 2000 मीटरच्या आसपास आहे, उत्तर पॅसिफिकमध्ये काही शे मीटरवरच, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे ती वर सरकतेय. भित्तीत जिवंत भाग वरच्या टोकांवरच असतो. खालच्या मृत सांगाड्यावर ऊतींचं आवरण नसतं, त्यामुळे आधी तोच सच्छिद्र होऊन ढासळतो. वरचे पॉलिप तगले तरी आधारच जातो. उथळ पाण्यातले प्रवाळ इथे येतील हेही नाही, त्यांच्या शैवालाला ऊन लागतं.

युरोपीय संघाने 2016 मध्ये 800 मीटरखाली तळाचं ट्रॉलिंग बंद केलं. चांगलंच झालं, पण लोफेलियाच्या कितीतरी भित्ती याहून उथळ आहेत. त्यांच्यासाठी नकाशावर वेगळी बंदीक्षेत्रं आखावीच लागतात.