फारसी इतिहासग्रंथांतली चित्रं कुणी मागाहून घुसडलेली नाहीत

भाचीने तो संदेश पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं आहे का?" कलेचा इतिहास शिकणाऱ्या मुलीलाही शंका यावी इतका तो फिरलाय, म्हणून लिहायलाच हवं.

दावा असा: इस्लामला चित्र निषिद्ध, त्यामुळे फारसी इतिहासग्रंथांत माणसांची चित्रं असूच शकत नाहीत. इराणच्या मंगोल सुलतानांचा वजीर आणि इतिहासकार रशीदुद्दीन याने ती काढवली म्हणून त्याला ठार केलं, आणि आज दिसतात ती इंग्रजांनी रंगवून घेतली.

रशीदुद्दीनला 1318 मध्ये मारलं, एवढंच खरं. आरोप होता सुलतान उल्जैतूला विष दिल्याचा, आणि त्यामागे होतं दरबारातलं वैर. चित्रांचा त्यात काही संबंध नाही. उलट तबरीझजवळच्या त्याच्या वसाहतीत त्याच्या ग्रंथांची दरवर्षी एक अरबी, एक फारसी प्रत करून शहरोशहरी पाठवायची, हे त्याने वसाहतीच्या वक्फनाम्यातच, म्हणजे दानपत्रातच, लिहून ठेवलं. त्याच्या ‘जामी अल्-तवारीख’ या जगाच्या इतिहासाची त्या काळातली अरबी प्रत एडिंबरा विद्यापीठात आहे. तिच्यातली चित्रं म्हणजे ओळींच्या रुंदीइतक्या आडव्या पट्ट्या, शाईची रेघ, वर पातळ रंग. चांदी वापरली तिथे आज काळे डाग. लेखनिक चित्रापुरती जागा सोडून मजकूर लिहायचा, चित्रकाराचं काम नंतर. ती जागा कोरीच राहिलेल्या पोथ्याही आहेत. मग इंग्रजांनी घुसडलं काय?

चित्राला विरोध करणारी मतं होती, हे नाकारत नाही. कुराणाच्या प्रतींत चित्रं नसतात, काही पोथ्यांतले चेहरे खरवडलेलेही आहेत. जुन्या पानांवर नवी चित्रं काढून विकणारेही आहेत. पण त्यावरून सगळंच बनावट ठरवणं हा शुद्ध आळस आहे.

आणि पुरावा हवा तर इराणपर्यंत जायलाच नको. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबीचं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ आहे: अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची आणि 1565 च्या तालिकोट लढाईची फारसी काव्यकथा, चित्रांसह. त्यात राजाशेजारी बसलेली राणी खुंजा हुमायून बहुतेक चित्रांत पुसून टाकलेली आहे. नवऱ्यामागे कारभार तिने चालवला आणि 1569 मध्ये मुलानेच, मुर्तजाने, तिला कैदेत टाकलं. ती पुसली गेली ती या सत्तेच्या भांडणात, असंच मानलं जातं. धर्माला माणसाचं चित्रच नको असतं, तर राजालाही पुसलं असतं. तो त्याच पानांवर शाबूत आहे.