हेलनचं लग्न लागतं, पण कसं लागतं?

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा : ‘व्हाय मॅरी?’ (लग्न कशाला?) हे अमेरिकन नाटककार जेसी लिंच विल्यम्सचं नाटक मी माझ्या लेखात बंडखोर म्हटलं, पण लग्न नको म्हणणाऱ्या हेलनचं शेवटी लग्नच लावून देतात. मग बंड कुठे राहिलं?

शेवट वाचून तुम्हाला आलेली चीड मी समजू शकते, मलाही ती आली होती. पण ते लग्न लागतं कसं, ते पाहा. हेलन प्रयोगशाळेत काम करते, अर्नेस्ट शास्त्रज्ञ. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम, आणि लग्न मात्र नको. घरच्यांचं समजावून होतं, रागावून होतं, दोघं बधत नाहीत. मग न्यायाधीश असलेले काका त्यांच्याकडून सगळ्यांदेखत प्रेमाची कबुली वदवून घेतात आणि तेवढ्यावर, कायद्याच्या अधिकाराने, तुम्ही नवरा-बायको झालात असं जाहीर करून टाकतात. लग्नाला होकार आहे का, हे कुणी विचारतच नाही. हा शेवट मला गोड वाटत नाही. ज्या घराला हेलनचं म्हणणं खोडता आलं नाही, त्याने शेवटी डाव टाकला, हे लेखकाने झाकलेलं नाही. शिवाय या काकांची स्वतःची बायको घटस्फोटासाठी रीनोला, म्हणजे झटपट घटस्फोटांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन शहरात, गेलेली आहे.

आणि जीनला विसरू नका. हेलनची धाकटी बहीण. पहिल्याच अंकात ती श्रीमंत रेक्सला असं खेळवते, की मागणी आपणच घातली असं त्याला वाटावं. प्रेम नाही, पण तिला दुसरं काही शिकवलेलंच नाही. हिच्या लग्नावर घर खूश, हेलनच्या खऱ्या प्रेमावर नाराज. माझ्या मते नाटकाचा जीव या दोन बहिणींत आहे, शेवटच्या पानात नाही.

काळही बघा. 25 डिसेंबर 1917 ला न्यूयॉर्कच्या ॲस्टर थिएटरमध्ये हे नाटक लागलं. त्याच्या सातच आठवडे आधी त्या राज्यातल्या मतदारांनी, म्हणजे पुरुषांनी, बायकांना मताधिकार दिला होता. काकांची भूमिका नॅट गुडविनची. त्यांची स्वतःची पाच लग्नं झालेली, आणि ते प्रेक्षकांना ठाऊक होतं! 1918 मध्ये नाटकासाठीचं पहिलं पुलित्झर पारितोषिक याच नाटकाला मिळालं.

एक मात्र तुमचं खरं. ‘बंडखोर’ हा माझा शब्द चुकला. हेलन बंड करते, नाटक तिला शेवटपर्यंत साथ देत नाही. मूळ लेखात तो शब्द आजच बदलते.