कॉफी सांडली आणि बाई करोडपती?

‘अमेरिकेत एका बाईने गाडी चालवताना अंगावर कॉफी सांडून घेतली, कोर्टात गेली आणि २९ लाख डॉलर घेऊन आली. तिथे ज्युरी बोलली की संपलं, जजलाही बदलता येत नाही.’ हा फॉरवर्ड वर्षातून दोनदा तरी येतोच. त्यातलं कॉफी सांडली, एवढंच धड आहे.

गाडी नातू चालवत होता, आणि सांडली तेव्हा ती उभी होती. १९९२, अल्बुकर्की, न्यू मेक्सिको. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक कप गुडघ्यांत धरून झाकण काढत होत्या. मॅकडोनाल्ड्सची ती कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवली जाई. मांड्यांची कातडी आतपर्यंत भाजली, आठ दिवस रुग्णालय, त्वचारोपण. लीबेकबाईंनी मागितले २० हजार डॉलर. कंपनीने देऊ केले ८००!

आता २९ लाख. १९९४ साली ज्युरीने भरपाई ठरवली २ लाख. बाईंची स्वतःची चूक २० टक्के धरून उरले १ लाख ६० हजार. वर दंडात्मक भरपाई, म्हणजे कंपनीला अद्दल म्हणून, २७ लाख, म्हणजे कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीविक्री. बातमी इथवर जगभर गेली. पुढचं कुणी फॉरवर्ड करत नाही: न्यायाधीश रॉबर्ट स्कॉट यांनी दंडाची रक्कम भरपाईच्या तिप्पट, ४ लाख ८० हजारांवर आणली. एकूण ६ लाख ४० हजार. मग दोन्ही बाजूंनी तडजोड केली, आकडा गुप्त.

‘जजला बदलता येत नाही’ हे तर साफ चूक. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, दिवाणी कोर्टात हरलेल्या पक्षाला न्यायाधीशाकडे अर्ज करायला निकाल नोंदल्यापासून २८ दिवस मिळतात, आणि ही मुदत न्यायाधीशही वाढवू शकत नाही. एक अर्ज असा: पुराव्यावरून कुठलीही समंजस ज्युरी असा निष्कर्ष काढणार नाही, निकाल फिरवा. यात मेख आहे. हाच मुद्दा प्रकरण ज्युरीकडे जाण्याआधी मांडलेला लागतो. तेव्हा वकील गप्प बसला असेल तर गेलं. दुसरा अर्ज, खटला नव्याने चालवा. रक्कम अवाच्या सवा असेल तर न्यायाधीश वादीला विचारतो: एवढ्यावर मान्य, की पुन्हा खटला?

उलट ज्युरीने हात आखडता घेतला तर? तिथे मात्र फेडरल न्यायाधीशाला अशी रक्कम वाढवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९३५ सालीच ती वाट बंद केली. वादीने फार तर नवा खटला मागावा.