छातीतल्या गाठीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

सांगली-मिरजेतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या फिरतंय: ‘तरुण मुलीच्या छातीत गाठ आली की लगेच कापून काढा. सुई टोचली तर तिचा कॅन्सर होतो.’ दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

मी सर्जरीच्या ओपीडीत नर्स आहे. परवा तासगावची एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून. हाच मेसेज वाचून दोन रात्री झोपली नव्हती. तिची गाठ बोटाखाली गोटीसारखी सरकत होती. १५ ते ३५ वयात अशी गाठ बहुतेकदा फायब्रोॲडिनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ निघते, आणि साध्या फायब्रोॲडिनोमाचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ. तरी नुसत्या हातावर विसंबत नाहीत. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी, गरज वाटली तर सुईची तपासणी, म्हणजे सुईनं गाठीतला थोडा नमुना काढून तपासतात. सुईनं साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही, उलट नको असलेलं ऑपरेशन टळतं.

गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, भराभर वाढत असेल, त्रास देत असेल किंवा रिपोर्टमध्ये शंका असेल, तर डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. तेव्हाही सहसा गाठच काढतात, स्तन नाही.

कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका. आणि मुलींनो, गाठ हाताला लागली तर लपवू नका, आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा.