दोन मिक्सर

ओपन माइकच्या संध्याकाळी कॉफी हाउसमध्ये दोन मिक्सर असतात. एक माझ्या, म्हणजे साउंडवाल्याच्या, पुढ्यात, माइक-गिटारचे आवाज जुळवायचा, आठ चॅनलचा. दुसरा काउंटरमागे, कोल्ड कॉफीचा. कार्यक्रम कसा होणार हे दुसरा ठरवतो.

जळगावात मे महिन्यात पारा ४५ला टेकलेला असताना गरम कॉफी कोण मागतं? त्यामुळे गायकाने डोळे मिटून आलाप लावला, षड्ज जरा कुठे स्थिरावला, की काउंटरमागून घर्रर्र. बरं, हा आवाज हवेतून आला तर सोसता येतो. दोन्ही मिक्सर एकाच लाइनवर असले, की त्या मोटरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांची करकर वायरीतून चालत येऊन माझ्याच स्पीकरमधून बाहेर पडते. म्हणून साउंडचं सगळं सामान, म्हणजे मिक्सर, स्पीकर, गिटारचा अ‍ॅम्प, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यायचं आणि कोल्ड कॉफीला दूरचा सॉकेट द्यायचा. तीन भिंतींवरच्या तीन सॉकेटांतून वीज घेतली तर अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरू होते. अशा वेळी एक जाणकार हमखास उठतो आणि सांगतो, “भो, थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाक, आवाज जाईल.” आवाज जातो, खरं आहे. पण गायकाचे ओठ माइकच्या जाळीला आणि बोटं गिटारच्या तारांना असतात. मधे काही गडबड झाली तर गायकही जाईल. या जाणकाराला शेवटच्या टेबलावर बसवून शेवभाजी खाऊ घालावी. कॅफेत मिळत नसेल तर बाहेरून मागवावी.

आता शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो पुन्हा स्पीकरमधून मोठा होऊन येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. दोन बायकांची नळावरची भांडणं असतात तसा प्रकार. खोली बारा बाय अठरा फुटांची, एक भिंत काचेची, खाली टाइल्स, पडदा औषधालाही नाही. स्पीकर माइकच्या पुढे आणि तोंड श्रोत्यांकडे, एवढा साधा नियम. पण तिथे ठेवला तर भिंतीवरची निऑनची अक्षरं फोटोत झाकली जातात, म्हणून मालकभाऊ तो गायकाच्या पाठीमागे सरकवतात. मग मी तो पुढे आणतो. मग ते पुन्हा सरकवतात. पहिलं गाणं सुरू होईपर्यंत स्पीकरचं चार-पाच फूट चालणं झालेलं असतं.

त्यात गायक माइकची जाळीच मुठीत आवळतो. गाण्याचा माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं गाळतो, ते जाळीच्या आत आवाज टिपणाऱ्या कॅप्सूलच्या मागच्या फटींच्या जोरावर. त्या फटी मुठीने बुजवल्या की माइकला चारही दिशांचं ऐकू येतं, स्पीकरसकट. भरताचं वांगं आपण देठाला धरतो ना, तसा माइक दांड्याला धरावा. ओठांपासून अंतर दोन-तीन बोटं. दोन इंचांचे चार इंच केले की सहा डेसिबल गेले, मग समोरून “आवाज वाढव ना भो”, मी वाढवतो, आणि कुईंऽऽ. शिट्टी ऐकून गायक दचकतो आणि माइक खाली करतो. खाली मॉनिटर असतो, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. पुढचं विचारू नका.

गिटारवाल्यांचं दुखणं निराळं. पोरगा बाहेर गाडीवर बसून, चाळीस अंशांत, तारा जुळवतो आणि आत एसीत येतो. थंड झाल्या की तारा आखडतात आणि सूर चढतो. दहा मिनिटं आत बसून मग जुळवायचं, हे त्याला दर वेळी सांगतो. तो दर वेळी बाहेर जुळवतो. तेवढ्यात हार्मोनियमवाले काका पट्टी जाहीर करतात, “काळी एक.” पोराला त्याच्या अर्धा सूर खालचा सी कॉर्डच येतो. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लाव आणि सीच वाजव, एवढं समजावण्यात चहा गार होतो. गाणाऱ्या ताईंची पट्टी काळी चार असेल तर कॅपो तिथेच, कॉर्ड मात्र जीचा.

फोनवर ट्रॅक लावून गाणाऱ्यांनी विमान मोड लावावा. नाहीतर अंतऱ्यात सगळ्या कॅफेला कर्जाची ऑफर ऐकायला मिळते.

हिशेब तसा सोपा आहे. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. माणशी दोन गाणी, नऊ मिनिटं. वायरी काढ-घाल, चार मिनिटं. नऊ जण बसतात. यादीत सतरा नावं असतात, आणि प्रत्येकाला दोन गाण्यांआधी दोन शब्द बोलायचे असतात. त्यात कुणी बहिणाबाईंच्या ओव्या घेताना “आपल्या अहिराणीत” म्हणालं की संपलंच. मागून एक काका उठतात, “अहिराणी नव्हे, लेवा बोली!” काकांचं बरोबर असतं, पण सहा मिनिटं जातात. दहाला तर थांबावंच लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी दहानंतर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहांना सवलत आहे, पण ज्याचं दार दर दोन मिनिटांनी उघडतं त्याला बंदिस्त म्हणायला वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू तयार नसतात.

दहाला पाच कमी असताना यादीबाहेरचा एखादा पोरगा लग्नातलं अहिराणी गाणं सुरू करतो. टेबलं वाजायला लागतात, लेवा बोलीवाले काकाही टाळ्या देतात, काउंटरमागचा पोऱ्या मिक्सरचं भांडं काढून त्याच्यावरच ठेका धरतो. दुसरा मिक्सर संध्याकाळभरात पहिल्यांदा गप्प. आवाज असा गोल, मोकळा, शिट्टीचं नाव नाही. आज सेटिंग जमलं म्हणून मी बोर्डाकडे बघतो, तर त्या माइकचा चॅनल म्यूटवरच असतो.